दोन्ही बाजूंनी ऐकणारा

मी एक जुना मायक्रोफोन आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. समोर कुणी छाती भरून श्वास घेतला की मला धडकी भरते. त्याचं कारण माझ्या पोटात आहे. तिथे दोन चुंबकांच्या मधोमध धातूची एक पट्टी ताणून बसवली आहे. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. माणूस बोलला की हवा हलते, हवा हलली की पट्टी थरथरते आणि त्या थरथरण्याची वीज होऊन तारेतून पुढे जाते. माझं ऐकणं ते एवढंच. पण कुणी जवळून जोराची फुंकर मारली तर पट्टी फाटते, आणि मग मी ठार बहिरा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. लांब टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. जिने माझी पट्टी बसवली, तिने आधी डोक्यावरचा पंखा बंद करायला लावला. मग चिमट्यात पट्टी धरून ती स्वतःचा श्वास रोखून बसली. पट्टी जागेवर बसल्यावर तिने हुश्श केलं. मी ऐकलेला तो पहिला आवाज.

माझ्यात एक वेगळेपण आहे. मला पुढून आणि मागून सारखंच ऐकू येतं. डाव्या-उजव्या अंगाला मात्र मी जवळजवळ बहिरा. त्यामुळे दोन माणसं मला मध्ये घेऊन समोरासमोर उभी राहिली तर दोघांचाही आवाज मी सारख्याच मायेने घेतो. सुरुवातीची वर्षं मी रेडिओच्या इमारतीत होतो. नाटकातले नवरा-बायको माझ्या दोन बाजूंना उभे राहून भांडायचे आणि प्रसंग संपला की चहा प्यायला जायचे. पुढे मला एका स्टुडिओने घेतलं. तिथे माझे फार लाड झाले. माझ्यातून आलेला आवाज मांडीला मांडी लावून बसल्यासारखा वाटतो, असं गाणारे म्हणायचे. मला कुणाला हात लावू देत नसत.

मग एके दिवशी त्या स्टुडिओत एक बँड आला. ड्रम, गिटार, मोठमोठे स्पीकर आणि त्याहून मोठे केस. त्यांच्यात गाणारे दोघं होते. मुलाचा आवाज एवढा दणदणीत की सगळे त्याला भोंगा म्हणत. मुलगी ठेंगणी, नाकावर माशी बसू न देणारी. तिचं नाव पडलं होतं ठिणगी. दोघं सख्खे शेजारी, लहानपणापासूनचे सवंगडी. मी वयाने त्यांच्याहून मोठा, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नका.

भोंग्याने पहिल्याच गाण्यात माझ्या तोंडाला तोंड लावून गर्जना केली आणि माझी पट्टी टर्रकन फाटली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? पण तेव्हापासून स्टुडिओत दणकट मायक्रोफोन आले. मला नवी पट्टी मिळाली खरी, पण ती मिळताच मी कपाटात गेलो. तिथे मला आडवं टाकून दिलं. आडवं ठेवलं की माझी पट्टी मधोमध लोंबते, आणि चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटत राहतो. कपाटाच्या फटीतून मी नव्यांचं कौतुक ऐकायचो. आपण आता कामाचे उरलो नाही, हे हळूहळू अंगवळणी पडलं.

किती वर्षं गेली ते मला सांगता यायचं नाही. भोंगा आणि ठिणगी गाजले, थकले, आजी-आजोबांच्या वयाला आले. स्टुडिओचे मालक बदलले आणि शेवटी तो भोंग्याच्या मुलीने चालवायला घेतला. ती रेकॉर्डिंगचं शिकून आली होती. शांत, मोजकं बोलणारी.

एका सकाळी बाप-लेकीचं बोलणं माझ्या कानावर पडलं. भोंग्याच्या स्वरयंत्रावर गाठ होती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले होते की जिवाला धोका दिसत नाही, पण आवाजाची खात्री देता येणार नाही. भोंग्याला त्याआधी एक गाणं रेकॉर्ड करायचं होतं, तेही ठिणगीबरोबर. ते गाणं त्यांचं नव्हे, त्यांच्या आधीच्या पिढीचं. दोन माणसं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारतात, असं ते गाणं. या दोघांनी त्याच गाण्याने गायला सुरुवात केली होती. शेवटच्या ओळीला भोंगा जी आरोळी ठोकायचा, तिच्यासाठी लोक तिकिटं काढून यायचे.

मुलगी तयार होईना. शेवटी डॉक्टरांनाच विचारलं. हळू आवाजात, थोडा वेळ गायला हरकत नाही, पण ओरडायचं मुळीच नाही, असं ते म्हणाले. तेवढ्यावर ती कशीबशी राजी झाली. भोंग्याने तिच्याकडून एक वचनही घेतलं. ठिणगीला ती मावशी म्हणायची.

"मावशीला ऑपरेशनचं कळू द्यायचं नाही. ती रडत गाईल. मला तिचं गाणं हवंय."

ठरल्या दिवशी ठिणगी आली. केस पांढरे, पण चाल तीच. काचेच्या भिंतीने वेगळ्या केलेल्या दोन खोल्यांत दोघांना उभं केलं, नवे मायक्रोफोन दिले, कानांवर हेडफोन चढवले. साथीचं वादन आधीच रेकॉर्ड केलेलं होतं, ते हेडफोनमधून वाजणार होतं. मी कपाटाच्या उघड्या दारातून बघत होतो.

पहिल्याच कडव्यात ठिणगी मागे पडली. दुसऱ्यांदा पुढे पळाली. तिने हेडफोन बदलून मागितला, मग आणखी एक मागितला, मग सगळं यंत्रच बोगस आहे म्हणाली. मुलगी गोंधळली. मावशीचा ताल कधी चुकत नसे. प्रत्येक चुकीनंतर भोंग्याला पुन्हा गावं लागत होतं आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज आणखी खरखरत होता. मुलगी सारखी त्याच्या गळ्याकडे बघत होती. माझा जीव तर टांगणीलाच लागला. हा आवाज असा चुकांमध्येच संपून जायचा की काय?

मग भोंगा विश्रांती घ्यायची म्हणून मुलीपाशी आला आणि हळूच म्हणाला, "ती काचेतून माझ्या ओठांकडे बघून गातेय. तिला हेडफोनमधलं नीट ऐकू येत नाहीये."

मुलगी म्हणाली की मग आपण तिला विचारू या. भोंग्याने नकारार्थी मान हलवली. जन्मभर ती मोठमोठ्या स्पीकरांपुढे उभी राहिली, त्यात कान गेले असतील. पण गाणाऱ्या माणसाला ते तोंडाने सांगणं किती जड जातं, हे आपण समजून घ्यायचं, असं तो म्हणाला. आणि मग खोलीत जाऊन मोठ्याने कुरकुर करू लागला. काचेमागे एकट्याला करमत नाही, हेडफोनने डोकं दुखतं, जुन्या पद्धतीने समोरासमोर उभं राहून गाऊ. सगळा दोष त्याने स्वतःवर घेतला. ठिणगी नुसती "बघा याचे नखरे" म्हणाली, पण तिचे आखडलेले खांदे खाली आले ते मी पाहिलं.

समोरासमोर म्हटल्यावर मुलीला माझी आठवण झाली. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणी हात लावला तर आनंद व्हायला हवा ना? मला घामच फुटला असता, जर मला घाम येत असता तर. पट्टी सैल पडलेली, अंगात लोखंडाचा कीस. मुलीने मऊ ब्रशने मला झटकलं, स्टँडवर उभं केलं आणि तार जोडली. मला पाहताच भोंगा ओशाळला आणि न सांगता दोन पावलं मागे सरकला.

"हा अजून आहे?" तो म्हणाला, आणि कोमट पाणी आणायला बाहेर गेला.

खोलीत मुलगी आणि ठिणगी राहिल्या. ठिणगी माझ्याजवळ आली. मी चालू आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं.

"त्याच्या घशाला काय झालंय ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "तुला बोलायची बंदी केली असणार त्याने. एवढंच सांग, जोर लावला तर त्याला त्रास होईल?"

मुलीने वचन पाळलं. तिने फक्त मान खाली घातली.

"बरं," ठिणगी म्हणाली.

भोंगा पाणी घेऊन आला तेव्हा ठिणगीने जाहीर केलं की तिचं वय झालं, तिला वरचे सूर झेपत नाहीत, तेव्हा गाणं खालच्या पट्टीत घ्या. भोंगा हसला, तिला चिडवू लागला. पण त्या हसण्यात केवढी सुटका होती, ते मला लख्ख ऐकू आलं. मुलीने संगणकावर साथीचा सूर खाली उतरवला आणि एक छोटा स्पीकर माझ्या बहिऱ्या अंगाला जमिनीवर ठेवला. ठिणगीने चपला काढल्या. लाकडी जमिनीतून ढोलाचा ठोका तिच्या तळपायांना लागत होता. आता ती भोंग्याचे ओठही जवळून बघू शकत होती.

पहिल्या वेळी भोंग्याला मध्येच ठसका लागला. तो बराच वेळ थांबेना, तेव्हा मुलगी काचेमागून धावत आली. दुसऱ्या वेळी दोघंही सुरेख गायले, पण घात केला तो मी. माझी सैल पट्टी फडफडली आणि आवाजात खरखर शिरली. मुलीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने नव्या मायक्रोफोनकडे हात नेला. मला वाटलं, संपलं. मी पुन्हा आडवा होणार, आणि याहून वाईट म्हणजे माझ्यापायी भोंग्याचं एक गाणं वाया गेलं. त्याच्या घशात आता कितीसं उरलं असेल?

पण ती थांबली. तिने मला किंचित तिरकं केलं, म्हणजे श्वास थेट माझ्या पोटावर येणार नाही. दोन्ही बाजूंना पातळ कापडाच्या चकत्या लावल्या. आणि बापाला म्हणाली, "एकदाच. जमलं तर जमलं."

गाणं सुरू झालं. मी पट्टी सांभाळत होतो, मुलगी दोन्ही हात मांडीवर दाबून बसली होती. एका बाजूने भोंगा हाक मारत होता, दुसऱ्या बाजूने ठिणगी ओ देत होती. दोघांचे आवाज फाटलेले, थकलेले, पण एकमेकांना सोडत नव्हते. कडव्यामागून कडवं पार पडलं. मग शेवटची ओळ आली, आणि भोंगा सगळं विसरला. इतक्या वर्षांची सवय. त्याने डोकं मागे टाकलं, छाती भरून घेतली आणि एक पाऊल पुढे आला. काचेमागे मुलगी ताडकन उभी राहिली. माझी तर बोबडीच वळली.

ठिणगीने गाणं न तोडता हात पुढे केला आणि तळवा त्याच्या छातीवर टेकवला. ढकललं नाही, नुसता टेकवला.

भोंगा थबकला. भरलेली छाती त्याने सावकाश रिकामी केली आणि ती ओळ अगदी हळू म्हटली, कुणाच्या तरी कानात सांगावी तशी. अर्ध्यावर त्याचा आवाज विरला. उरली नुसती हवा. ठिणगीने त्याचे ओठ थांबलेले पाहिले, आणि उरलेली अर्धी ओळ ती त्याच्या वतीने गायली.

साथ थांबली. मुलगी आत आली आणि भीतभीत म्हणाली की शेवटची ओळ तेवढी पुन्हा घेता येईल. भोंग्याने हातानेच नको म्हटलं. मग ठिणगीने त्याला विचारलं, "शेवटी तू गायलास, की नुसते ओठ हलवलेस?"

"गायलो. थोडंसं."

"मला ऐकू नाही आलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला बरंच काही ऐकू येत नाही हल्ली."

"माहितीय," भोंगा म्हणाला. "सोमवारी माझं घशाचं ऑपरेशन आहे."

ठिणगीने त्याचं पाणी उचललं, ते गार झालं होतं म्हणून मुलीला गरम करून आणायला सांगितलं आणि त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली.

ते गाणं लोकांनी ऐकलं. पुष्कळांना आवडलं. भोंग्याची आरोळी कुठे गेली, असंही काहींनी विचारलं. मला त्या दिवसांत कशाचंच सुख नव्हतं. ऑपरेशन झालं एवढं कळलं. त्यानंतर भोंग्याला बोलायची बंदी होती. मुलगी स्टुडिओत यायची, काम करायची, आणि फोन वाजला की दचकायची. मी स्टँडवर उभा होतो, आता मला कपाटात ठेवत नाहीत. पण उभं राहून वाट बघणं हेही सोपं नसतं.

एका दुपारी दार उघडलं आणि ते दोघं आत आले. भोंगा वाळला होता, गळ्याभोवती रुमाल होता. ठिणगीच्या दोन्ही कानांमागे छोटी यंत्रं होती. डॉक्टरांनी त्या दिवशी त्याला बोलायची परवानगी दिली होती, आणि त्याला पहिला शब्द इथेच बोलायचा होता. मुलीने मला चालू केलं. भोंगा माझ्यासमोर उभा राहिला, ठिणगी पलीकडे. तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. आत काही नसलंच तर, या भीतीने त्याला धीर होत नव्हता. मलाही होत नव्हता.

"काय गं ठिणगे," तो शेवटी म्हणाला, "नवे कान लावून आलीस?"

आवाज बारीक होता, खडबडीत होता, जमिनीवरून खोका ओढावा तसा. ती जुनी गर्जना आता कधीच येणार नाही. पण शब्द न् शब्द कळत होता. ठिणगीने डोळे मिटून घेतले होते. ती त्याच्या ओठांकडे बघत नव्हती.

"हो," ती म्हणाली. "आता बोल तुला किती बोलायचंय ते."

मित्रांनो, माझी पट्टी फाटली तर नवी बसवता येते. माणसाचा घसा आणि कान असे दुकानात मिळत नाहीत, म्हणून स्वतःचे जपा. आणि तुमच्या घरात कुणी "काय म्हणालास?" असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर वैतागू नका आणि ओरडूही नका. बसल्या जागेवरून उठा, त्यांच्यासमोर जा, तुमचा चेहरा दिसेल असे उभे राहा, आणि जे सांगायचं ते सावकाश पुन्हा सांगा.