डोकं सांभाळा

रोलांडा फिनिक्सहून नवरा, सासरा आणि तान्हं बाळ घेऊन आली, पण माझ्या घरी नाही, थेट घळीच्या फाटकाशी. पर्यटकांच्या दुपारच्या फेरीला वाटाडी मीच होते. तिला ते ठाऊक नसावं. चेहराच पडला तिचा.

"आई, राग मानू नकोस," तिनं मला बाजूला घेतलं. "बाळ अजून हसलेलं नाही. ज्याच्यामुळे पहिल्यांदा हसेल, त्याच्यासारखं निघतं, तूच सांगायचीस ना? मला ते माझ्या सासऱ्यांसारखं, हॉस्कीबाबांसारखं व्हायला हवंय."

"म्हणजे माझ्यासारखं नको."

"तसं नाही गं. फक्त त्याच्याकडे बघू नकोस."

तसंच होतं. मी हसत नाही, हे खरं आहे. तिच्या लग्नातही हसले नव्हते, आणि ती ते विसरलेली नाही. वाईट वाटलं मला. पण माणसं उन्हात ताटकळत होती. "चला, पाणी घेतलंत ना सगळ्यांनी?" मी म्हटलं.

शिडीनं खाली उतरलो. आत भिंती इतक्या जवळ येतात की जाड माणसाला आडवं चालावं लागतं. हॉस्की, म्हणजे माझे व्याही, तसेच आडवे सरकत होते आणि जावयाच्या छातीशी बांधलेल्या बाळाला गाल फुगवून दाखवत होते. बाळ कोर्टातल्या साहेबासारखं बघत होतं. मी पाठ करून पुढे चालले. वळण आलं की म्हणायचं ते म्हटलं, "डोकं सांभाळा."

"विहीणबाई, ह्या आवाजात बारशाचं आमंत्रण दिलंत तरी लोक रडतील हो!"

सगळे हसले. बाळ नाही.

पुढच्या वळणावर पुन्हा म्हटलं. मागून बारीकसा आवाज आला, मी दुर्लक्ष केलं. त्याच्या पुढच्या वळणावर म्हटलं, "डोकं सांभाळा," आणि पोरगं खळखळून हसलं. घळीनं ते हसू वरपर्यंत नेलं आणि परत आणलं.

मी मागे वळले नाही.

"आजोबांचे गाल बघून हसला," मी म्हटलं. "हॉस्की, पहिल्यांदा हसवणाऱ्यानंच मेजवानी द्यायची, ती तुमच्याकडे लागली. मेंढा कापा, बाळाच्या हातून सगळ्यांना मीठ वाटा."

"कसले गाल, विहीणबाई? मी मघापासून इथे अडकलोय. तोंड भिंतीकडे आहे माझं."

त्यांना ओढून सोडवलं. उरलेल्या वळणांवर मी काही बोललेच नाही, बोटाऐवजी आमच्याकडे दाखवतात तसे नुसते ओठ पुढे काढून खडक दाखवला. एका जर्मन बाईचं कपाळ आपटलं. तिची माफी मागितली.

बाहेर आल्यावर लोक पाणी प्यायला पांगले. रोलांडा बाळाला घेऊन माझ्यासमोर आली. मी वाळूकडे बघत राहिले.

"फिनिक्समध्ये कोण विचारायला येतंय?" मी म्हटलं. "सासऱ्याचं नाव सांग."

"खोटं सांगून मीठ वाटतात होय?" तिनं बाळाचं तोंड माझ्याकडे केलं. "म्हण ना."

"काय?"

"तेच गं. डोकं सांभाळा."

मी वाळूवरची नजर उचलली. म्हटलं, कसंबसं. बाळ पुन्हा हसलं, हिरड्या दाखवून.

"शनिवारी मेजवानीला ये," रोलांडा म्हणाली. "मीठ तूच आण. डब्यातलं नको, खड्याचं."