ग्रुपबाहेरचं दार

"आईला ग्रुपमधून काढतील, दीपिकावहिनी. जरा लक्ष असू दे," जुई लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणाली होती.

शेजारची दीपिका हसली होती. "काहीतरीच तुझं. हल्ली असं कोण करतं?"

जुईने लालबागच्या विकासशी लग्न केलं. मुलगा बौद्ध, बँकेत अधिकारी, स्वभावाने अबोल. ठाकूरद्वारच्या त्या वाडीत कोणी भांडलं नाही, कोणी तोंडावर काही बोललंही नाही. फक्त एका दुपारी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बारीक अक्षरांत एक ओळ उमटली. ग्रुप चालवणाऱ्या चिंतामणीकाकांनी उर्मिलाकाकूंना, म्हणजे जुईच्या आईला, काढून टाकलं होतं. लगेच कोणीतरी संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ टाकली आणि ती ओळ वर सरकून गेली.

आता ग्रुप म्हणजेच वाडी. पाणी कधी येणार, कोणाकडे हळदीकुंकू, कोण आजारी, सगळं तिथेच कळायचं. प्रत्येकाच्या हाती मोबाइल आले तसं दारोदार निरोप सांगणं बंद झालं. एकट्या राहणाऱ्यांसाठी एक रीतही पडली होती. सकाळी उठलं की ग्रुपवर 'सुप्रभात' टाकायचं, आणि ज्याचं आलं नाही त्याचं दार शेजाऱ्याने वाजवायचं. उर्मिलाकाकू विधवा, दुसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत आता अगदी एकट्या. त्या रोज जास्वंदीचं चित्र टाकायच्या. ते येईनासं झालं. पण का आलं नाही, हे सगळ्यांना ठाऊकच होतं. मग दार कोण वाजवणार?

गॅलरीत त्या समोरून आल्या की लोक फोन कानाला लावायचे. दीपिका हसायची त्यांच्याकडे बघून, पण आधी आजूबाजूला पाहून घ्यायची.

त्या दिवशी लेकीला, मनूला, ताप होता म्हणून दीपिका रजेवर होती. कपडे वाळत घालताना तिला दिसलं, काकूंच्या कडीला दुधाची पिशवी सकाळची तशीच लटकत होती. उन्हाने फुगलेली. दार वाजवलं, उत्तर नाही. काकूंना फोन लावला. तो आतच वाजला, वाजत राहिला आणि थांबला.

तिने ग्रुपवर लिहिलं, 'उर्मिलाकाकू दार उघडत नाहीयेत. किल्ली कोणाकडे आहे? प्लीज लवकर या.'

तिचा मेसेज गेला तशी अख्खी वाडी वाजली. खालच्या मजल्यावर टिंग. शेजारच्या खोलीत टिंग. जिन्यात कोणाच्या तरी खिशात टिंग. तापाने कढत झालेली मनू तिच्या खांद्यावर मान टाकून होती. एकही दार उघडेना. आत माणसं होती, जागी होती, वाचत होती. चिंतामणीकाकांचं तेवढं उत्तर आलं, 'बाहेरच्या व्यक्तींचे विषय इथे नकोत.' त्याला पटापट अंगठे मिळाले. मग दीपिकाचा मेसेजच नाहीसा झाला.

तिने जुईला फोन केला. जुई रडतच म्हणाली की आम्ही निघालो, पण किल्ली चिंतामणीकाकांकडेच आहे, बाबा असल्यापासून.

नेमकं तेच दार दीपिकाला वाजवायचं नव्हतं. दीपिका कामावर गेली की काकांची बायको, शालनकाकू, मनूला सांभाळायच्या. ऑफिसातून नवऱ्याने, अभिषेकने, फोनवर तेवढंच बजावलं, आपण भाडेकरू आहोत, फार पुढे जाऊ नकोस.

ती गेली.

"जावई आहे ना तिला? बोलाव की," चिंतामणीकाका दारातच उभे राहिले. "बँकेत साहेब आहे म्हणे."

"काका, त्या आत पडल्या असतील."

"असतील. उद्यापासून तुझ्या मुलीला कोण बघणार, त्याचाही विचार कर."

दीपिकाने मनूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. ती दारातून हलली नाही. तेवढ्यात आतून शालनकाकू आल्या, कणकेचा हात पदराला पुसत. खिळ्यावरची किल्ली काढून त्या नवऱ्याच्या बाजूने बाहेर पडल्या.

"शालन," काका म्हणाले.

"दोन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा," त्या मागे न बघता म्हणाल्या.

दार उघडलं तर उर्मिलाकाकू मोरीच्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. पाय विचित्र वळलेला, ओठ कोरडे पडलेले. पण शुद्ध होती. शालनकाकूंना पाहून त्या दचकल्याच.

"तू कशाला आलीस गं? घरी चालेल का तुला?"

दीपिकाने चमच्याने ओठांना पाणी लावलं. विचारलं, हाक का नाही मारली? गॅलरीतून सकाळपासून माणसं जात होती.

"पावलं ऐकू येत होती की," काकू म्हणाल्या. "हाक मारली असती तर जो आला असता, त्यालाही काढलं असतं."

विकास आणि जुई आले. विकासने दोन हमाल बोलावून काकूंना खुर्चीवरून जिना उतरवलं. आता दारं अर्धी अर्धी उघडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

संध्याकाळी दीपिकाला ग्रुपमधून काढलं. शेजारी मनू झोपली होती आणि उद्या तिला कुठे ठेवायचं हे ठरलं नव्हतं. थोड्या वेळाने शालनकाकू स्वतः दारात आल्या. म्हणाल्या, मी पण निघाले त्यातून, मनूला घेऊन येत जा. माणसाला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, हे दीपिका कॉलेजात शिकली होती. पूर्वी त्यासाठी पंच जमायचे, निदान त्यांचे चेहरे दिसायचे. आता एक बोट पुरतं, आणि बाकीच्यांनी गप्प बसणं. तिने तक्रार लिहायला घेतली. भीती गेलेली नाही. जिन्यात पाऊल वाजलं तरी ती मनूला जवळ ओढते.

पण आता भेटेल त्याला ती विचारते, तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या ग्रुपमधून अलीकडे कोणाचं नाव गेलं? त्या घरी आज कोण गेलं होतं? ठाऊक नसेल तर वाचायचं थांबवा. चपला घाला आणि जाऊन या.