सकाळी आठची फुली

"यात मामा नाहीत," नकाशेबाई म्हणाल्या.

फुलीवाला त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. नवीन मशिनं आल्यापासून रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी हरवायचं, आणि ते त्या माणसाने स्वतःच भलतीकडे ठेवलेलं सापडायचं. त्यामुळे तो निवांत होता.

"फोल्डर चुकलं असेल, बाई. जरा सरका."

बाई सरकल्या. त्याने 'एम' उघडला, त्यात नकाशा विभाग, त्यात व्हॉल्व्ह. शहराच्या जुन्या भागाचा नकाशा पडद्यावर आला. निळ्या रेघा म्हणजे पाण्याचे नळ, त्यांच्यावरचे लाल ठिपके म्हणजे व्हॉल्व्ह. नदीपर्यंत ठिपके दाट होते. नदीच्या पलीकडे नुसत्याच निळ्या रेघा होत्या.

"हा गेल्या वर्षीचा आहे," बाई म्हणाल्या. "मामांबरोबर काम सुरू केलं त्याच्या आधीचा. बाजार नाही, शाळेमागचा चढ नाही. नदीपलीकडचं काहीच नाही."

मामा म्हणजे पाणी खात्यातला सगळ्यात जुना व्हॉल्व्हवाला. नदीपलीकडचे व्हॉल्व्ह कधीकाळी रस्त्याच्या कडेला होते. मग रस्ते रुंद झाले, थरावर थर चढले आणि ते डांबराखाली गडप झाले. कुठला कुठे पुरलाय हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मामा मात्र चालत चालत जायचे, एका जागी थांबायचे आणि टाच आपटायचे. खणलं की तिथेच सापडायचा. रात्रपाळी संपवून मामा सकाळी आठला परत येत, म्हणून बाईही आठलाच येत. त्यांना चहा पाजायचा, एक गल्ली विचारून घ्यायची, कच्च्या कागदावर काढायची, मग मशीनमध्ये चढवायची, असं वर्षभर चाललं होतं. मामा मोठे खाष्ट. "माझं डोकं डब्यात भरून घेताय होय?" असं म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा हजर. शेवटची गल्ली झाली आणि पुढच्याच आठवड्यात, ऐन थंडीत, मामा गेले. झोपेत गेले. बाई तेव्हा रडल्या होत्या, पण काम पुरं झालं याचं समाधानही त्यांनी बोलून दाखवलं होतं. या महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या. मागे ठेवून जाण्यासारखं त्यांच्याकडे एवढंच होतं.

फुलीवाल्याने सगळीकडे शोधलं. नावाने शोधलं, तारखेने शोधलं. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "कच्चे कागद असतील ना?"

"फाडले. तूच म्हणालास ना, कागद साठवू नका, खाली तळघरात सगळं सुखरूप असतं म्हणून."

तो म्हणाला होता खरा.

त्याला हे नाव का पडलं ते सांगायला हवं. ऑफिसातले सगळे लोक आपलं काम ज्या 'एम'मध्ये ठेवत तो दिसायला प्रत्येकाच्या मशीनवर असला तरी खरा तळघरातल्या सर्व्हरवर होता. रात्रीतून त्याची जोडणी तुटायची आणि सकाळी प्रत्येकाच्या पडद्यावर 'एम'च्या चित्रावर एक लाल फुली यायची. ती आली की लोकांचे हातपाय गळायचे. "अहो, फुली आली," असा फोन. तो जायचा, दोनदा टिचकी मारायचा, फुली जायची, पुढच्या टेबलावरून हाक. आपल्या ऑफिसात एवढा मान साहेबांनाही नाही, असं तो बायकोला चेष्टेने सांगायचा. ती हसायची. मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली आणि दर एक दिवसाआड सकाळी तिला डायलिसिसला न्यायची वेळ आली. फोन सकाळीच यायचे आणि सकाळीच तो जागेवर नसायचा.

तेव्हा त्याने 'जोडणी' लिहिली. फार मोठं काही नाही, पडदाभर ओळींची स्क्रिप्ट. मशीनमध्ये माणूस शिरला की ती आपोआप चालायची. 'एम' तुटलेला असेल तर जोडायची. नाहीच जोडला गेला तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करायची. तरीही नाही, तर त्या माणसाच्याच मशीनमध्ये एक फोल्डर उघडून त्याला 'एम' हे नाव द्यायची. आदल्या दिवसाचं काम त्यात आधीच उतरवून ठेवलेलं, म्हणजे कुणी घाबरायला नको. पुढच्या वेळी माणूस मशीनमध्ये शिरेल तेव्हा जोडणी झाली, की इथलं साठलेलं काम गुपचूप खाली तळघरात पोचवायचं. फुली दिसणारच नाही. फोन येणारच नाहीत. स्क्रिप्ट लावली त्या आठवड्यात फोन खरंच बंद झाले, आणि बायकोच्या पलंगाशी बसून त्याला पहिल्यांदा निवांत पेपर वाचता आला. आपण काहीतरी शहाणपणाचं केलं असं त्याला तेव्हा वाटलं होतं. पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

आता तो तळघरात उतरला आणि सर्व्हरच्या नोंदी बघत उभा राहिला. बघायला फार वेळ लागला नाही. रोज सकाळी आठ ते नऊ सर्व्हर आपली राखीव प्रत काढत असे आणि तेवढा तास कुणालाच आत घेत नसे. ऑफिस दहाला सुरू व्हायचं, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं. आठला येणाऱ्या फक्त नकाशेबाई.

त्या रोज आठला मशीन लावत. 'जोडणी' प्रयत्न करी, हरे, आणि मुकाट्याने खोटा 'एम' पुढे करी. बाई त्यात संध्याकाळपर्यंत काम करत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ, पुन्हा तेच. वर्षभरात बाई एकदा जरी उशिरा आल्या असत्या, दुपारी एकदा जरी त्यांचं मशीन बंद पडलं असतं, तरी सगळं खाली पोचलं असतं. पण बाई उशिरा येणाऱ्यांतल्या नव्हत्या, मामा गेल्यावरही आठलाच येत, आणि मशीनही बिचारं चांगलं निघालं. त्याने स्क्रिप्ट तपासली होती, अगदी कसून तपासली होती. दहाला येणाऱ्या माणसांवर. आठला तो कधी ऑफिसात नव्हताच, डायलिसिस नसलेल्या दिवशीही दहालाच यायचा.

आणि ते मशीन गेल्या महिन्यात गेलं होतं. जुनी सगळीच गेली. खात्याची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येकाची डिस्क त्याने स्वतः पुसली होती, वरवर नाही, पुन्हा पुन्हा, काही उरणार नाही अशी. बाईंनी विचारलं होतं, "माझं सगळं आहे ना रे?" तो हसून म्हणाला होता, "बाई, तुमच्या मशीनमध्ये काही नसतंच." मग भंगारवाल्याची गाडी आली आणि मशिनं पत्र्यासारखी दाबायला निघून गेली.

साहेबांना त्याने सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"परत मिळणार नाही?"

"नाही साहेब."

"नक्की?"

"मी पुसलंय."

"बरं. वर काय कळवायचं?"

"स्क्रिप्टची चूक. म्हणजे माझी."

"आणि मग विचारतील, वर्षभर सकाळी हा प्रकार चालू होता, तेव्हा तुम्ही कुठे होतात. तुमची वेळ साडेसातची आहे. मी तुम्हाला कधी विचारलं?"

"नाही साहेब."

"तुम्हाला सकाळी सवलत दिली ती मी तोंडी दिलेली आहे. उद्या ती गेली तर घरी कोण बघणार?" साहेब खरोखरच काळजीने बोलत होते, आणि तीच पंचाईत होती. "बाई महिनाअखेर जातायत. त्यांना आता काय फरक पडतो?"

साहेबांनी स्वतःच एक ओळ टाइप केली. वापरकर्त्याने फाइल चुकीच्या ठिकाणी ठेवल्यामुळे नष्ट झाली. खाली तांत्रिक सहायकाची सही. त्याने सही केली. नेहमीपेक्षा चांगली आली. त्याला स्वतःची किळस आली, आणि ती किळस घेऊन तो खाली जाऊन चहा प्यायला.

संध्याकाळी त्याचा चेहरा बघून बायकोने विचारलं, "अहो, कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"कुणीच काही बोललं नाही."

तिच्या दंडावर सुयांच्या जागी नेहमीसारख्या काळ्या-निळ्या गाठी होत्या. त्याने तिला सगळं सांगितलं. सही केल्याचंही सांगितलं. ती उशीला टेकली आणि छताकडे बघत म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसं?"

"मग कुणामुळे? उद्या मी गाडी करून एकटी जाते. तुम्ही आठला ऑफिसात जा. त्यांना तोंडावर सांगा. एवढं तरी करा."

"तुला चक्कर येते परत येताना."

"येऊ दे."

सकाळी तो पावणेआठला पोचला. लांबलचक खोलीत दिवे लागलेले नव्हते, फक्त बाईंच्या टेबलावरचा. त्यांनी एक मोठा कोरा कागद पसरला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर पंच, डबा, चष्म्याचं घर आणि पाण्याची बाटली ठेवली होती. मशीन चालू होत होतं. 'जोडणी'तला तो खोट्या 'एम'चा तुकडा त्याने आदल्या संध्याकाळी निघण्याआधी काढून टाकला होता. आता जे असेल तेच दिसणार होतं, आणि जोडलं जाईपर्यंत स्क्रिप्ट प्रयत्न करत राहणार होती.

"अरे, फुली आली," बाई म्हणाल्या. "कित्येक दिवसांनी बघतेय."

"नऊला जाईल."

"असू दे. मला आज मशीन नकोच आहे." त्या कागदावरच बघत होत्या. "काल साहेबांनी माझी सही घेतली. वापरकर्त्याची पण लागते म्हणाले. खाली तुझी आधीच होती. मग म्हटलं, तू म्हणतोयस तर माझंच चुकलं असणार. पण कुठे ठेवलं असेल रे मी? रात्रभर आठवत होते. माझ्या हातून असं कसं झालं?"

हे त्याने धरलं नव्हतं. बाई चिडतील, बोलतील, रडतील, या सगळ्याची तयारी करून तो आला होता. त्या त्याच्यावर विश्वास ठेवतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमचं काही चुकलं नाही, बाई," तो म्हणाला, आणि उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. आठ ते नऊ, खोटा 'एम', दहाची माणसं, साहेबांची ओळ. बाईंनी पेन्सिल हातात तशीच धरलेली होती.

त्या म्हणाल्या, "आज तुझ्या बायकोचा दिवस ना?"

"हो."

"मग तिच्याबरोबर कोण आहे?"

"एकटी गेलीय."

"मग जा ना तू," बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती. "इथे उभा राहून काय करणारेस?"

तो गेला नाही. जाणं हेही पळून जाण्यासारखंच वाटलं. त्याने बाजूच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि बसला.

रात्रपाळीचे व्हॉल्व्हवाले परतले. बुटांचा चिखल दारात झटकून ते दोघं आत आले आणि सवयीने बाईंच्या टेबलाशी थांबले. चहा आज सांगितलेला नव्हता.

"शाळेमागच्या चढावर," बाई म्हणाल्या, "मामा कुठे थांबायचे रे? वळणाच्या आधी की नंतर?"

"आधी," एक म्हणाला.

"नंतर," दुसरा म्हणाला. "भिंत संपते तिथे."

"भिंत आता कुठेय? पाडली की."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं, बाई. आम्ही आपले मागे चालायचो." असं म्हणून ते कपडे बदलायला निघून गेले.

बाईंनी चढाची रेघ काढली. पहिला व्हॉल्व्ह त्यांना आठवला, तो त्यांनी ठिपका देऊन ठेवला. दुसराही आठवला. मग वळण आलं आणि पेन्सिल थांबली. त्यांनी डोळे मिटले, टेबलाखाली टाच हलकेच आपटली, मामा आपटायचे तशी. एक ठिपका दिला. तो खोडला. त्याच्या जरा पलीकडे दुसरा दिला. तोही खोडला.

फुलीवाल्याच्या खिशात फोन थरथरला. बायकोचा निरोप होता, पोचले. त्याने तो वाचून परत खिशात ठेवला.

नऊ वाजता पडद्यावरची लाल फुली आपोआप गेली. बाईंनी वर पाहिलं नाही. कागदावर वळणाच्या जागी खोडून खोडून एक करडा डाग झाला होता, आणि त्यावर त्या फुंकर घालत होत्या.