नारळाखालची पट्टी

बोटाएवढी पट्टी मी. तापलेल्या कपाळावर ठेवतात ती ओली घडी नव्हे, पण तापाशी माझंही नातं तितकंच जवळचं. पांढरं प्लॅस्टिकचं अंग, पोटात कागदाची चिंधी आणि त्या कागदात झोपलेल्या दोन रेघा, एवढाच माझा संसार.

ज्या वर्षी स्वाइन फ्लू आला आणि लोक नाकातोंडाला रुमाल बांधून फिरू लागले, त्या वर्षी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, दोन खोल्यांच्या एका शेडमध्ये मी जन्मले. मला घडवलं प्रतिभाताईंनी. तपासणीचे नमुने तेव्हा पुण्याला जायचे आणि उत्तर येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. ताईंच्या मनात आलं, हे घरच्या घरी का कळू नये? नाकात काडी फिरवायची, औषधाच्या पाण्यात घोळायची, त्याचे थेंब माझ्यावर टाकायचे. एक रेघ उठली तर पट्टी चांगली आहे पण विषाणू सापडला नाही. दोन उठल्या तर सापडला.

मला पाकिटात घातलं सुवर्णानं. घरी पाच महिन्यांचा कुंदन, म्हणून काम करताना ती अंगाईच गुणगुणायची. पाकिटाचं तोंड बंद झालं आणि अंधार झाला. कुशीला ओल शोषणारी इवलीशी पुडी होती, तीही मुकी. त्या अंधारात मी स्वप्नं पाहायचे. वाटायचं, आपण एक कोरडी नदी आहोत. कधीतरी पाणी येईल, हळूहळू वर चढेल आणि काठावर झोपलेलं कुणीतरी जागं होईल.

मग एक दिवस सुवर्णाचं गाणं बंद झालं. तिला ताप आला होता, खोकला होता. दवाखान्यात गोळ्या दिल्या आणि सांगितलं, तपासणी फक्त जास्त आजारी माणसाची होते. सासूबाई सरुबाईंनी लेकरू उचललं नि म्हणाल्या, "तू ओट्यावर नीज. पोराला वरचं दूध देते मी." तेव्हापासून आत कुंदन रडायचा आणि बाहेर हिचा पदर भिजायचा. फोनवर हे सारं सांगून ती ताईंना म्हणाली, "ताई, मला तोच रोग आहे का, एवढं तरी बघा हो." ताई म्हणाल्या, "उद्या दसऱ्याला ये. पट्ट्या तयार आहेत."

पण दसऱ्याच्या सकाळी वत्सलाबाईंनी पूजा मांडली. वत्सलाबाई म्हणजे शेडमधल्या सगळ्यांत जुन्या. यंत्राला झेंडूची माळ घातली, कात्रीला कुंकू लावलं. मग ताटात पट्ट्या मांडायच्या म्हणून त्यांनी एकेक पाकीट फाडलं.

"अहो मावशी, हे काय केलंत?" ताई धावत आल्या.

"मंग? देवापुढं तोंड झाकून बसवायच्या व्हय?" असं म्हणत त्यांनी आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलंसुद्धा.

पाणी पट्ट्यांत शिरलं. माझ्या साऱ्या बहिणी भिजून वाया गेल्या. मी तेवढी वाचले, कारण कलशावरचा नारळ डुगडुगत होता आणि त्याला टेकण म्हणून वत्सलाबाईंनी मला पाकिटासकट खाली सरकवलं होतं. नवी खेप करायची तर पुन्हा सारं मिसळणं, वाळवणं आलं.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. पिंपळगावचे निवृत्तीअण्णा. द्राक्षांचे मोठे व्यापारी. ताईंच्या कामात पैसा लावायचा का, हे मुहूर्तावर ठरवायला आलेले. आणि त्याच वेळी दारात, लांबच, रुमाल बांधून सुवर्णा उभी राहिली.

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. "आजारी हाय का ही? मंग झ्याक झालं! हिच्यावरच लावा. दोन रेघा उठल्या की आपला येव्हार पक्का."

ताईंनी मला नारळाखालून काढलं.

पाकीट फाटलं आणि उजेड डोळ्यांत शिरला. ताईंनी मास्क लावून सुवर्णाच्या नाकात काडी फिरवली. थेंब पडले. नदीला पाणी आलं! माझ्या स्वप्नातलं तेच पाणी, हळूहळू वर चढणारं. माझ्यावर दोन माणसं वाकली होती. एकाला दुसरी रेघ हवी होती, आणि ताईंच्या मनात काय होतं ते ताईंनाच ठाऊक. दारातली तिसरी डोळे मिटून चौकट धरून उभी होती.

पहिली रेघ जागी झाली. लालचुटुक. दुसरी कूस बदलेल की काय, असं मला वाटत राहिलं. पाणी तिच्यावरून गेलं. ती झोपूनच राहिली.

"एकच?" अण्णा म्हणाले. "दुसरी कुठंय?"

"दुसरी नाही, अण्णा. विषाणू सापडला नाही."

"आता काय म्हणावं! एक रेघ तर आमची नातबी वढती पाटीवर."

ताई दाराकडं वळल्या. "सुवर्णा, ही पट्टी म्हणजे देवाचा शब्द नाही हं. ताप चढला तर परत दवाखान्यात जायचं. रुमाल सोडायचा नाही. हात साबणानं धुऊन मगच..."

दार रिकामं होतं. उंबऱ्यापाशी एक चप्पल तेवढी उलटी पडली होती.

"आवं, ती बाई कुठं पळाली?"

"लेकराला पाजायला," वत्सलाबाई म्हणाल्या. "आजून कुठं जाईल?"

अण्णा दारात गेले. वाकून त्यांनी ती चप्पल सरळ करून ठेवली.

"हंगामात माझ्याकडं लय बाया येत्यात, द्राक्षं भरायला," ते सावकाश म्हणाले. "साऱ्यांची लेकरं घरी. एक खोकली की बाकीच्यांचे हात थांबत्यात." मग खिशातून आपट्याचं पान काढून त्यांनी माझ्याशेजारी ठेवलं. "सध्या एवढंच सोनं घ्या, ताई. नवी खेप झाली की बोलवा, मी येतो. आन मावशी, त्या वक्ताला पाकिटाचीच पूजा करा!"

आता मी पिवळ्या पिशवीत आहे. वापरलेल्या पट्ट्या जाळायला नेणारी गाडी यायची आहे. मघाशी चप्पल न्यायला सुवर्णा आली होती. रुमाल तसाच, डोळे जागरणानं लाल. दारातूनच म्हणाली, "रात्रभर सोडलं नाही हो त्यानं मला." आणि हसली. खोकलीही थोडी.

माणसांनो, माझ्या बहिणी पुढं कधी तुमच्या घरी आल्या, तर वेळ येईपर्यंत त्यांना पाकिटातच राहू द्या. आणि दुसऱ्या रेघेची जागा कोरी राहिलेली पाहून हिरमुसू नका. त्या कोऱ्या जागेचीच कुणीतरी दारात उभं राहून वाट बघत असतं.

पिशवीतही अंधार आहे, पाकिटातल्यासारखाच. दूर कुठंतरी अंगाई चालू आहे, की मलाच तसं वाटतं? माझी दुसरी रेघ अजून गाढ झोपली आहे. तिला निजू द्या.