मवाळ लोखंड

सर्जेराव आबांनी सदऱ्याच्या खिशातून लोहचुंबक काढलं आणि अंगणवाडीच्या व्हरांड्याला बसवलेल्या नव्या ग्रीलला टेकवलं. ते टक्कन चिकटलं.

"बघा रं समद्यांनी," आबा म्हणाले. "चिकटलं. म्हंजी माल बोगस हाय."

जमलेल्या चारचौघांनी माना डोलावल्या. माझा नवरा इरशाद हातातला ग्राइंडर खाली ठेवून उभा राहिला. ग्रील आम्हीच केली होती. वडगाव रासाईत अंगणवाडीच्या समोरच, रस्त्यापलीकडे आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. खिडक्या, गोठ्याची फाटकं, पाण्याच्या टाकीचे स्टँड अशी घरोघरची कामं येतात. पण गावाचं म्हणून मिळालेलं हे पहिलंच काम.

चुंबकाची युक्ती आबांना कुठून सुचली ते मला लगेच कळलं. शिरूरच्या बाजारात भांडी घ्यायला गेलं की दुकानदार स्वतःच डब्याला चुंबक लावून दाखवतो : बघा ताई, चिकटत नाही, अस्सल स्टील. ही परीक्षा आमच्याकडे घरोघरी पाठ आहे. ग्रामपंचायतीत ठरलं होतं 'स्टीलची ग्रील'. आबांच्या मनात स्टील म्हणजे ताट-वाटी आणि पाण्याचं पिंप. आमच्या मनात स्टील म्हणजे एमएस, माइल्ड स्टील. कुठलं स्टील, हे दोघांनीही विचारलं नाही.

"आबा, ती परीक्षा भांड्यांची," मी म्हणाले. "हे माइल्ड स्टील. लोखंडच ते, फक्त कार्बन अगदी थोडा. चुंबक चिकटणारच. तुमच्या ट्रॉलीला लावून बघा, तिलाही चिकटेल."

"माइल्ड म्हंजी काय?"

दौंडच्या माहेरी राहून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, तेव्हा सगळं इंग्रजीत पाठ केलेलं. घाईत जो शब्द सापडला तो मी देऊन टाकला.

"मवाळ."

"मवाळ!" आबांनी टाळीच वाजवली. "ऐका. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्यात, आन् पोरांच्या राखणीला ह्यांनी मवाळ लोखंड उभं केलंय. अगं सूनबाई, मवाळ माणूस दारातलं कुत्रं बी हाकलत न्हाई!"

सगळे हसले. इरशादही हसला, त्याचा मला जास्त राग आला.

आबांनी तिथंच सांगून टाकलं. पुण्याकडचा एक ठेकेदार त्यांच्या ओळखीचा आहे, तो चकचकीत पायपांची ग्रील करतो. त्याचा माणूस मापं घ्यायला येईल, मग ही काढायची. सरपंच आबांचा पुतण्या, त्यामुळे ते म्हणाले म्हणजे झालंच.

त्या चकचकीत ग्रीलचा फोटो मी पाहिला. दिसायला देखणी, पण पायपा आडव्या. आडव्या पायपा म्हणजे लेकरांना शिडी. माझी मिस्बा तीन वर्षांची आहे आणि कपाटाच्या खणांवरसुद्धा चढते. ती याच अंगणवाडीत बसते. म्हणून आमच्या ग्रीलचे गज मी उभे घेतले होते, चौकोनी, भरीव. मधे लेकराचं डोकं अडकू नये म्हणून दोन गजांमधलं अंतर ठरवायला पुठ्ठ्याची चौकट कापून मिस्बाच्या डोक्यावर धरली होती. "ग्रील करायचीय, टोपी नाही शिवायची," इरशाद म्हणाला होता. पण खडूनं शेडच्या फरशीवर मी काढलेल्या रेघेवरच त्यानं गज कापले.

इरशाद म्हणाला, जाऊ दे, गोठ्याचं काम आलंय ते करू. मला जाऊ देता येईना. गावात बघावं तिकडे एमएसच तर आहे. शाळेच्या पत्र्याखालचे अँगल, विहिरीवरची जाळी, घमेलं, दाराची कडी, भिंतीतला खिळा, आबांच्या ट्रॉलीची अख्खी चौकट. स्वस्त मिळतं, कापायला-वाकवायला सोपं, वेल्डिंग चांगलं धरतं. गंजतं, हे खरं. म्हणून आधी रेडऑक्साइडचा तांबडा हात मारायचा, वर रंग द्यायचा. इतकं करून ते माणसाला जन्मभर पुरतं. एवढं सगळं वापरायचं आणि वर त्यालाच बोगस म्हणायचं!

मी आबांना शेडवर चहाला बोलावलं. ते आले, खुर्चीवर ऐसपैस बसले.

"दाखव तुझं मवाळ."

इरशादनं उरलेला एक गज वाईसच्या जबड्यात आवळला आणि घणानं मारत मारत काटकोनात वाकवला. मी आबांना जवळ बोलावलं. वाकलेल्या जागी केसाएवढीसुद्धा चीर नव्हती. मग त्यानं एक जुनी कानस आवळली. एकाच घावात तिचे दोन तुकडे झाले.

"कानस लोखंडाला खाते, इतकी कडक," मी म्हणाले. "पण तिच्यात कार्बन जास्त, म्हणून दणका बसला की तुटते. हा गज वाकतो, दणका अंगात मुरवतो. तुटून पोरांच्या अंगावर येत नाही."

आबांनी वाकलेला गज उचलून उलटापालटा केला. मला वाटलं, जिंकले.

"वाकला की न्हाई?" ते म्हणाले.

"वाकला, पण..."

"मंग झालं तर. म्या तेच म्हणतोय. आमच्यात मोडेन पण वाकणार न्हाई म्हणत्यात, पोरी. वाकणाऱ्याला मान न्हाई." कप खाली ठेवून ते निघून गेले.

"त्या म्हणीपुढं लोखंडाचं काय चालायचं?" इरशाद म्हणाला. मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ, अंगणवाडीतून बडबडगीताचा आवाज येत होता. मी शेडच्या दारात उभी होते. खरं सांगायचं तर मी रोजच उभी असते. आबांचा ड्रायव्हर म्हाळू कारखान्यावरून रिकामी ट्रॉली घेऊन चढावर आला. ट्रॅक्टर पुढे गेला आणि ट्रॉली मागेच राहिली. जोडाची पिन निसटली होती. ट्रॉली क्षणभर जागेवर थांबली आणि मग उलटी, उतारानं अंगणवाडीकडे निघाली.

मी ओरडले असेन. म्हाळू तर ओरडतच पळत होता. ग्रीलच्या आत मुलं रांगेत उभी होती. मिस्बा कडेला, तिच्या पिवळ्या फ्रॉकमध्ये.

ट्रॉलीचा मागचा कोपरा ग्रीलवर आदळला. आवाज असा झाला की चौकातली माणसं बाहेर आली. गज आत फुगले, एक खांब तिरपा झाला, आणि ट्रॉली तिथंच अडली.

मी कशी पोचले ते मला आठवत नाही. सेविका सविताताईंनी मुलं भिंतीशी ओढून घेतली होती. कुणाला खरचटलंही नव्हतं. मिस्बाला छातीशी धरून मी आधी तिचे हातपाय चाचपले आणि मग ग्रील पाहिली. एकही गज तुटला नव्हता. एकही जोड सुटला नव्हता. इरशादचं वेल्डिंग जसंच्या तसं होतं. इतकी घाबरलेली असताना माणसाला अभिमान वाटू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आबा चालत आले. चप्पलसुद्धा घातली नव्हती. त्यांचा नातू त्या रांगेत होता. त्यांनी त्याला पाहिलं, जवळ घेतलं नाही, नुसता डोक्यावरून हात फिरवला. मग फुगलेल्या गजांवरून तोच हात सावकाश फिरवत गेले. प्रत्येक जोडापाशी थांबले.

"इरशाद," ते म्हणाले, "हे आता भंगारात का?"

"भंगारात कशाला, आबा? गरम करून सरळ करतो. इथंच, काढायचीसुद्धा गरज नाही."

"सरळ व्हतंय?"

"धरा तिकडून."

आणि आबांनी धरलं. इरशादनं गॅसची ज्योत फिरवली, गज लाल झाले, घण पडू लागला. आबा पहारीनं खांब रेटत होते आणि म्हाळूला शिव्या घालत होते. "पिनला कडी लावायची असती, गाढवा! लोखंडाला अक्कल हाय, तुला न्हाई!"

तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. "आबा, मापं घ्यायला आलोय."

"कशाची?"

"ग्रीलची. तुम्हीच साहेबांना फोन केला होता."

"केला हुता." आबांनी कपाळाचा घाम पुसला. "चहा घे आन् जा माघारी. हितं ग्रील हाय."

"पण ही तर वाकलीय."

"वाकलीय म्हणून पोरं हायेत," आबा म्हणाले आणि त्याच्याकडे पाठ करून पुन्हा पहार धरली.

त्याला काही कळलं नाही. तो चहाही न घेता गेला.

दुपारपर्यंत ग्रील सरळ झाली. नीट पाहिलं तर घणाचे वण दिसत होते. इरशाद ते घासायला निघाला तर आबांनी त्याला थांबवलं. "ते ऱ्हाऊ दे, रंग मारा. आन् शाळंचा जिना बी उघडाच हाय, कठडा न्हाई. त्याचं माप कधी काढतोस?"

"माप मी नाही काढत, आबा," इरशाद म्हणाला. "माप तिला विचारा. मी नुसता जोडतो."

आबा माझ्याकडे वळले. "कवा येतीस, सूनबाई?"

"आत्ताच," मी म्हणाले. मिस्बाला कडेवर घेतलं, खडू घेतला आणि शाळेकडे निघाले. जिना मला वाटला होता त्याहून उंच निघाला.