मी, जिताड्यांच्या तळ्याची उघाडी

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. उघाडी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पेणच्या खाडीकाठचा भात खाऊन ढेकर देऊ नये. खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून खाडीला मातीचा बांध असतो. त्या बांधाच्या पोटात दगडी मोरी, आणि मोरीला सागवानी झडप. ती झडप मी. भरती आली की खाडीच मला दाबून मिटवते, ओहोटी लागली की आतलं पाणी मला ढकलून बाहेर जातं. पावसाळा सरताना मात्र बांधाची राखण करणारा जनू मला पाचर ठोकतो, म्हणजे गोडं पाणी आत राहतं. माझ्या कपाळावरच्या दगडात सुताराचं नाव कोरलंय, तेवढीच माझी अक्षरओळख. पण पाण्याची चव मला कळते.

माझ्या तरुणपणी एकदा बांध फुटला. त्याला इथे 'खांड गेली' म्हणतात. ही हाक आली की हातातला घास ताटात ठेवून घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतं. तेव्हा बांध वाहून गेला, मी हलले नाही. लोकांनी मला हळदकुंकू लावलं. पुढे पोरं कंपनीच्या शिफ्टला जाऊ लागली आणि मला तेलाचं बोट लावायलाही कोणी येईना.

माझ्या आतल्या अंगाला बायजाबाईचं तळं. त्यात तिने खाडीतून आणलेले जिताडे मासे पोसले होते, हाताएवढे लांब. लेक नम्रताचं लग्न ठरलेलं. व्याह्यांच्या पहिल्या जेवणाला तळ्यातलाच जिताडा, असं तिने गावभर सांगून ठेवलेलं.

कोलाडकडे कोकण रेल्वेचं काम चाललं होतं, त्या साली वरच्या अंगाला हैबतरावांनी पोह्यांची मिल टाकली. पोह्यांसाठी भात भिजवतात आणि ते पाणी गटाराने खाडीकडे सोडून देतात. कंपनीच्या पाण्याने मासे मरतात हे बायजाबाईला माहीत होतं. पण हे तर भाताचं पाणी! बाळंतिणीला पेज, आजाऱ्याला पेज, मग जिताड्याला का नको? तिने स्वतः पाट काढून ते पाणी तळ्यात घेतलं. जनू म्हणाला, वास बरा नाय. ती म्हणाली, तुझ्या तोंडाचा येत असंल.

पाणी पिवळं झालं, मग आंबलं, मग काळवंडलं. माझ्या फळ्यांवर बुळबुळीत थर चढला. मित्रांनो, पेज माणसाच्या पोटात गेली तर अंगी लागते. तळ्यात साचली तर कुजते, आणि कुजताना पाण्यातली हवाच खाऊन टाकते. मासा पाण्यात राहून गुदमरतो. मला सगळं कळत होतं, पण पाचर मारलेल्या बाईचं कोण ऐकतं?

एका सकाळी कोळंबी काठाला येऊन चिकटली. मग जिताडे वर आले, तोंडं उघडून हवा गिळत. बायजाबाई धावत आली आणि जनूला म्हणाली, पाचर काढ.

"काकी, बाहेर खाडी हाय."

"खाडी मोठी हाय. पचवील."

जनूने घाव घातला. मी उघडले. ते आंबलेलं पाणी माझ्या अंगावरून खाडीत गेलं. भरतीला दोर लावून मला अर्धी उचलली आणि खाडीचं ताजं पाणी तळ्यात घेतलं. काही जिताडे उताणे पडले, काही तगले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला रहिमा बांध ओलांडून तळ्याकाठी आली. चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, म्हणजे निवट्या, धरून तिचं घर चालतं. तिने टोपली बायजाबाईच्या पायाशी ठेवली. टोपली भरलेली होती, पण एकही निवटी उडत नव्हती.

"बायजा गो, तुझं तळं माझ्या खाडीत रिकामं केलंस. मी माझी खाडी कुठं रिकामी करू?"

बायजाबाईने टोपलीतली एक मेलेली निवटी उचलून पाहिली. मग बांधावर चढली आणि पदर खोचून तिने हाक दिली, खांड गेली.

घराघरांतून फावडी निघाली. माणसं आली, बघतात तर बांध शाबूत. कुठं गेली, म्हणून विचारलं, तर तिने मिलकडे बोट केलं. आधी आपला पाट तिने स्वतः बुजवला. मग सगळ्यांनी मिळून मिलच्या गटाराच्या तोंडाला चिखलाचा बांध घातला. हैबतराव म्हणत राहिले की हे नुसतं भाताचं पाणी आहे.

"मग ठेवा की अंगणात. पेजच हाय, प्या," बायजाबाई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत पाणी फिरून त्यांच्याच ओसरीला लागलं. तो वास त्यांच्या नाकात गेला, तेव्हा त्यांनी मिल थांबवली. पुढे स्वतःच्या जागेत खड्डे खणले, पाणी तिथेच जिरवू लागले. कुरकुर केलीच, पण केलं. खाडी काही लगेच सावरली नाही. पुढचा पावसाळा उलटेपर्यंत रहिमाची टोपली अर्धीच भरायची.

उरलेल्यांतला मोठा जिताडा बायजाबाईने रहिमाच्या घरी पोचवला. व्याह्यांच्या पानात वालाचं बिरडं पडलं. कोणी खवचटपणे विचारलंच तर ती म्हणायची, खाडीचा होता, खाडीकडं गेला.

मित्रांनो, आता माझ्या फळ्या भुसभुशीत झाल्यात. जमलं तर तेल लावा, नाही तर राहू द्या. पण आपल्या घरातली घाण बाहेर सोडायला कुठलीही पाचर काढाल, तेव्हा आधी बांधावर चढा आणि पलीकडे चिखलात कोण उभं आहे ते बघा.