खाजण, खाजगी, खासगी

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझ्या तोंडावर एकच शब्द कोरलेला आहे: वादग्रस्त. मित्रांनो, तुमच्या शाळेतले शिक्के 'छान', 'तपासले' असे काहीतरी गोड बोलतात. मला ते कधी जमले नाही. मी ज्या कागदावर टेकलो, त्या कागदावरून दोन माणसांचे बोलणे बंद झाले. त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. वाईट एकाच गोष्टीचे वाटते, आणि ती गोष्ट घडली तेव्हा मला डब्यातून कोणी काढलेच नाही.

माझा जन्म १९८७ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. शिशाची अक्षरे जुळवली, त्यांचा साचा घेतला आणि त्यात तापलेले रबर दाबले. कारागिराच्या हातून 'वाद' आणि 'ग्रस्त' यांच्यामध्ये थोडी फट राहिली. मला न्यायला आलेले त्र्यंबकराव म्हणाले, "चालेल, घाई आहे." त्यांच्या शेजारी उभे असलेले प्रभाकरराव म्हणाले, "हा एक शब्द आहे, दोन नाहीत." दोघे मला खिशात घालून निघाले आणि वागळे इस्टेटच्या नाक्यापर्यंत त्या फटीवरून भांडत गेले. माझ्या आयुष्याची सुरुवात ही अशी झाली.

त्र्यंबकराव कल्याणचे निवृत्त शिक्षक. प्रभाकरराव निवृत्त मुद्रितशोधक; आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पुण्याहून डोंबिवलीला राहायला आलेले. त्यांनी आणखी दहाबारा हौशी माणसे जमवून 'परिसरकोश' काढायचे ठरवले होते. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची गावे, तलाव, देवळे, खाड्या, सगळ्यांची माहिती एका कोशात. मानधन कोणालाच नव्हते. दर रविवारी सकाळी ठाण्यात एका बंद पडलेल्या क्लासच्या खोलीत ही मंडळी बसत. कोणीही यावे, पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर नोंद लिहून आणावी. दुसऱ्या कोणीही त्या कार्डावर लाल पेन्सिलीने दुरुस्ती करावी. मूळ लेखकाला किंवा आणखी कोणाला ती पटली नाही, तर कार्डावर मला मारायचे. मग दोघांनी भांडून घ्यायचे आणि एकमत झाले की कार्डाच्या मागे दोघांनी सह्या करायच्या. सह्या झाल्याशिवाय माझा छाप असलेले कार्ड छापखान्यात जात नसे. लेखकाने तीन रविवार काहीच हरकत घेतली नाही, तर दुरुस्ती पक्की. नोंद छापताना खाली लेखकाचे नाव.

कागदावर हा नियम फार शहाणा दिसतो. पाहुणे आले की त्र्यंबकराव मला डब्यातून काढून दाखवत आणि म्हणत, "आमच्याकडे मतभेद लपवत नाहीत." पाहुणे वाहवा करत. मी मात्र रोजचे बघत होतो. एका तलावाला पायऱ्या किती, यावर दोन सभासद चौदा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. एकाने मे महिन्यात मोजल्या होत्या, दुसऱ्याने सप्टेंबरात. पाणी चढते आणि पायऱ्या बुडतात, हे त्या विद्वानांना चौदा महिन्यांनी सुचले. दोघे एकाच टपरीवर चहा प्यायचे, एकमेकांकडे पाठ करून. अशी माणसे ज्ञान गोळा करतात, मित्रांनो! आणि मी त्यांचा लाडका शिक्का होतो.

१९९१ च्या जानेवारीत परशुराम मढवी नावाचा माणूस आला. ठाण्याजवळच्या बाळकुमचा, वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करणारा. खाडीकाठच्या गावांतून आमच्याकडे आलेला तो पहिलाच. त्याची आई चंद्रभागा बाजारात मासळी विकायची. ती सांगेल तसे त्याने सुबक अक्षरात एक कार्ड लिहून आणले: 'बाळकुमच्या खाडीकाठची खाजन जमीन साऱ्या गावाची आहे. भरतीला तिच्यात पाणी येते. ओहोटीनंतर बायका तिथे जवळा सुकवतात, पुरुष जाळी दुरुस्त करतात.' खाली नाव लिहून तो लाजत म्हणाला, "आईला वाचून दाखवलंय. बरोबर आहे बोलली."

प्रभाकररावांनी लाल पेन्सिल घेतली. 'खाजन' हा शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी शब्दकोश उघडला. भरतीचे पाणी येणारी जमीन म्हणजे खाजण, हा शब्द त्यात छापलेला होता, बाणाचा ण घालून. चंद्रभागेच्या तोंडात त्या जागी नळाचा न होता आणि मुलाने तोच लिहिला होता. प्रभाकररावांचे बोट मात्र त्याच्या वरच्याच शब्दावर थांबले. त्यांनी 'खाजन' खोडून 'खाजगी' लिहिले. मग त्यांच्या लक्षात आले की खाजगी जमीन साऱ्या गावाची कशी असेल? विसंगती नको म्हणून त्यांनी 'साऱ्या गावाची' हे शब्दही काढून टाकले.

तेव्हा मला मारायला हवे होते. पण हरकत घेणार कोण? परशुरामला तीन रविवार कारखान्यात ओव्हरटाइम होता. त्याला विचारून येऊ, असे एकालाही वाटले नाही. बाळकुम काही काशीला नव्हते.

पुढच्या रविवारी मला डब्यातून काढले खरे, पण कशासाठी ते ऐका. त्र्यंबकरावांनी हरकत घेतली, "'खाजगी' चूक. मूळ शब्द 'खास', म्हणून 'खासगी' लिहा."

"खाजगी रूढ आहे," प्रभाकरराव म्हणाले.

"रूढ तर शिव्याही आहेत."

"म्हणजे मी अशुद्ध लिहितो?"

"मी तसं म्हटलं नाही. पण तुम्हाला तसं वाटत असेल, तर मी अडवणार नाही."

मला त्या कार्डावर असे आपटले की शाई उडून त्र्यंबकरावांच्या सदऱ्यावर डाग पडला. दोन रविवार दोघे भांडले. प्रभाकररावांनी जुनी पत्रे आणली, त्र्यंबकरावांनी व्याकरणे आणली. शेवटी मतदान झाले, 'खासगी' जिंकले आणि दोघांनी माझ्या छापामागे सह्या केल्या. परशुराम चौथ्या रविवारी येण्याआधीच कार्ड शुद्ध होऊन छापखान्यात गेले, आणि काय बदलले ते त्याला कोणी सांगितले नाही. कार्डाखालचे नाव मात्र परशुरामचेच राहिले.

पुढच्या वर्षी कोशाचा पहिला भाग निघाला. त्याच सुमारास एका बांधकामवाल्याने बाळकुमच्या खाजणाला तारेचे कुंपण घालायला घेतले. गावाने तक्रार केली. सुनावणीला गावाकडे सांगणारी माणसे पुष्कळ होती, कागद नव्हता. बांधकामवाल्याकडे त्याचे कागद होते आणि त्यांवर ठेवायला आमचा कोश होता. त्याने नोंद मोठ्याने वाचली, खालचे नावही वाचले आणि म्हणाला, "तुमच्याच गावचा माणूस लिहून देतोय, जमीन खासगी आहे." कुंपण तसेच राहिले.

त्या रविवारी परशुराम खोलीत आला, तो चप्पल न काढताच. कोश टेबलावर आपटून म्हणाला, "हे मी नाय लिहिलेलं. मी खाजन लिहिलेलं. मी ओव्हरटाइमला गेलेलो, तेवढ्यात तुम्ही माझ्या गावाची जमीन वाटून टाकली? गावात मला फुटलेला बोलतात. पैसे खाल्ले बोलतात!"

"मग ण नीट लिहायचा होता," प्रभाकरराव म्हणाले. ते पांढरे पडले होते, पण मान ताठ होती.

"आई न बोलते म्हणून न लिहिला. कळला नाय तर विचारायचं होतं ना! शिक्का मारा यावर."

त्र्यंबकरावांनी माझ्या डब्यावर हात ठेवला. "छापलेल्या नोंदीवर शिक्का बसत नाही. नियम आहे. पुढच्या भागात शुद्धिपत्र देऊ."

"पुढचा भाग कधी?"

"दोन वर्षांनी."

मी डब्यात होतो, मित्रांनो. झाकण आतून उघडत असते, तर मी उडी मारून त्र्यंबकरावांच्या कपाळावर बसलो असतो.

पुढच्या रविवारी चंद्रभागा आली. मासळीची रिकामी पाटी तिने दारात ठेवली आणि सरळ टेबलापाशी आली. "माज्या पोराचा नाव खालशी कोनी लिवला?"

"बाई, लेखकाचं नाव देतोच आम्ही," त्र्यंबकराव म्हणाले. "तो मान असतो."

"मान? शेजारच्या शेवंतीचे घरा हलद जाली, सारे गावाला बोलावला, आमाला नाय. बाजारान बाया माजे शेजारी बसत नाय. तुमचा मान तुमचे घरा न्या. जमीन गेली, ती कवा ना कवा नेलीच असती त्यानी. पोराचा नाव तेवढा काढा त्याचे खालशी."

"नियमाप्रमाणे—"

"कोनी बदलला ता सांगा."

प्रभाकरराव उठले. "मी बदललं," ते म्हणाले. मग त्यांनी त्र्यंबकरावांच्या हाताखालून माझा डबा ओढला, मला खिशात घातले आणि तिच्याबरोबर निघाले. "सभेची परवानगी नाही!" असे त्र्यंबकराव मागून ओरडत होते. त्या दोघांची मैत्री तिथे संपली. कोशही तिथेच संपला, दुसरा भाग निघालाच नाही.

बाळकुमला देवळासमोर माणसे जमली. प्रभाकररावांनी नोंद वाचली आणि सांगितले, "परशुरामने खाजण लिहिलं होतं, साऱ्या गावाची लिहिलं होतं. खाजगी मी केलं. मला शब्द माहीत नव्हता आणि मी विचारलं नाही." त्यांनी सर्वांसमोर परशुरामचे नाव खोडले, तिथे स्वतःचे लिहिले आणि मला त्या पानावर मारले.

"आता वाचून काय करतंस?" मागून एकजण म्हणाला. त्यांना कोणी बसा म्हटले नाही. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. प्रभाकररावांनी सही केली आणि पेन परशुरामपुढे धरले. दोन सह्या झाल्या की वाद मिटतो, असा त्यांचा नियम.

"मी नाय सही करणार," परशुराम म्हणाला. "मिटलेला नाय."

प्रभाकररावांनी पेन खिशात घातले आणि ते उन्हातून चालत गेले. चंद्रभागेने मला मात्र ठेवून घेतले. "ह्यो राहू दे माज्याकरं," ती म्हणाली. चार दिवसांनी शेवंती दारात आली आणि म्हणाली, "मावशी, बाजाराला चल." चंद्रभागा पाटी घेऊन निघाली. मी ते फळीवरून पाहिले.

आता १९९९ साल आहे. खाजणावर इमारती उभ्या आहेत आणि फाटकावर 'खासगी मालमत्ता' अशी पाटी आहे. शुद्धलेखन अगदी बरोबर आहे. परशुरामने त्यानंतर कार्ड लिहिले नाही. माझे रबर चिरले आहे, शाई सुकून गेली आहे, आणि मला पुसून ठेवा असे मी कोणाला म्हणणार नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्या हातात लाल पेन्सिल येईल. समोरच्या कागदावर तुम्हाला न कळणारा शब्द असेल. तेव्हा शब्दकोश नंतर उघडा. ज्याने तो लिहिला त्याच्या घरी आधी जा, त्याच्या आईला विचारा. तो ओव्हरटाइमला गेला असेल, तर चौथ्या रविवारपर्यंत थांबा.